दर किती हा दुसरा प्रश्न, आधी भाड्याने द्यायला रात्री किती ते बघा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मला नीट कळलाय का ते तुम्हालाही बघता यावं म्हणून परत मांडते. स्वतःच्या मालकीचं दोन खोल्यांचं घर आहे, तुम्ही त्यातच राहता, पण कामामुळे वर्षातले चार-साडेचार महिने बाहेर असता, तेवढे दिवस कुलूप लावून ठेवण्यापेक्षा रात्रीच्या हिशोबाने भाड्याने द्यावं म्हणून एअरबीएनबीसारख्या ॲपवर लिस्टिंग (घराची जाहिरात) टाकलीत, दोन बुकिंग पण आलीत (एक पाच आठवड्यांनी, एक तीन महिन्यांनी), ॲप रोज 'दर कमी करा' म्हणून मागे लागलंय, आणि परवा शेजारच्यांनी जिन्यात गाठून सांगितलं की हे सगळं बेकायदेशीर आहे. तर परवानगी लागते का, आणि दर किती ठेवू.

मी हे काम अकरा वर्षं करतेय, आधी स्वतःची एक खोली, मग पूर्ण घर, आता माझं एक आणि दुसऱ्यांची दोन सांभाळते. तुम्ही हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारलेत, मीही सुरुवातीला तसंच समजायचे. पण हा एकच प्रश्न आहे. नियम ठरवतात की वर्षात तुमच्याकडे विकायला रात्री किती, आणि रात्री किती हे कळल्याशिवाय दर काढताच येत नाही. दुकानात माल किती आहे ते न बघता भाव लावल्यासारखं होतं ते.

शहर तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे परवानगी 'लागते' किंवा 'लागत नाही' असं मी म्हणणार नाही, आणि शहर न विचारता कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याचं ऐकू पण नका. कारण यात फरक थोडाथोडका नाहीये. न्यूयॉर्कमध्ये लोकल लॉ १८ (अल्पकाळ भाड्याच्या घरांचा शहराचा कायदा) ची अंमलबजावणी सप्टेंबर २०२३ पासून सुरू झाली, तिथे ३० दिवसांपेक्षा कमी भाड्याने द्यायचं तर होस्टने (घर देणाऱ्याने) स्वतः त्याच घरात हजर राहायचं, गेस्ट जास्तीत जास्त दोन, आणि शहराकडे रजिस्ट्रेशन झाल्याशिवाय ॲपला बुकिंगच घेता येत नाही. म्हणजे तुम्ही बाहेरगावी आणि घर भाड्याने हा तुमचा बेतच तिथे बसत नाही, दर कितीही हुशारीने ठेवा. उलट सॅन फ्रान्सिस्कोमध्ये बघा, तिथे वर्षातल्या किमान २७५ रात्री तुम्ही स्वतः त्या घरात राहणारे असायला हवेत, आणि तुम्ही नसताना घर द्यायचं तर वर्षाला ९० रात्री. हे तुमच्या बेताला बरंचसं जुळतं, पण पूर्ण नाही, साडेचार महिने बाहेर म्हणजे तुम्ही २७५ चा आकडा गाठतच नाही, २३० वर अडकता. हे बारीक असतं आणि इथेच लोक घसरतात.

नियम शहरागणिक वेगळे असले तरी त्यांचे प्रकार चार-पाचच आहेत. एक म्हणजे वर्षाला रात्रींची मर्यादा. लंडनमध्ये पूर्ण घरासाठी ९० रात्री, त्यापुढे जायचं तर प्लॅनिंगची (घराचा वापर बदलण्याची) परवानगी लागते. पॅरिसमध्ये मुख्य राहत्या घरासाठी १२० होत्या त्या २०२५ पासून ९० केल्या. ॲमस्टरडॅममध्ये आधी ६० होत्या, २०१९ ला ३० केल्या, वर परमिट वेगळं, एका वेळी चारपेक्षा जास्त माणसं नाहीत, आणि प्रत्येक बुकिंग महापालिकेला आधी कळवायचं. जपानमध्ये जून २०१८ च्या कायद्याने वर्षाला १८० दिवस. दुसरा प्रकार कमीत कमी मुक्कामाचा, सिंगापूरमध्ये खाजगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी देताच येत नाही, तिथे रात्रीचा दर हा विषयच संपतो. तिसरा प्रकार राहतं घर की नुसतं गुंतवणुकीचं घर, चौथा लायसन्सची संख्या बांधून टाकणं, आणि पाचवा काही भागात किंवा काही प्रकारच्या इमारतीत सरसकट बंदी. तुमच्या शहराचा नियम काढाल तेव्हा यातलं कुठलं आहे आणि किती एकत्र आहेत हे आधी बघा, बहुतेक वेळा दोन-तीन एकत्र असतात.

आता नियम शोधायचे कुठे. ॲपच्या मदत पानावर शहरानुसार माहिती असते ती सुरुवातीला ठीक, पण ती शेवटचा शब्द नव्हे, मी तिथे जुनी माहिती पाहिलेली आहे. महापालिकेच्या साइटवर मूळ नियम वाचा, आणि त्यात सगळ्यात आधी व्याख्यांचा भाग वाचा जो सगळे सोडून देतात. 'अल्पकालीन' म्हणजे किती दिवस, 'मुख्य निवास' म्हणजे काय, 'होस्ट हजर' म्हणजे त्याच घरात की त्याच इमारतीत, रात्र मोजायची ती बुकिंगची की प्रत्यक्ष राहिलेली. मग जे कळलं नाही ते ऑफिसला ईमेलने विचारा. फोनवर नाही, ईमेलने. मी पहिल्या वर्षी खिडकीवर तोंडी विचारलं होतं, समोरच्यांनी 'राहतं घर आहे ना मग काही लागत नाही' असं सांगितलं, मी निर्धास्त. सात महिन्यांनी त्याच ऑफिसातून नोटीस आली, तोपर्यंत ते गृहस्थ बदलून गेलेले आणि माझ्याकडे कागद शून्य. दंड भरला, वर लिस्टिंग चार महिने बंद ठेवावी लागली. तेव्हापासून दोन ओळींचं का होईना लेखी उत्तर घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही, आणि विचारताना पण 'भाड्याने देऊ शकते का' असं मोघम विचारत नाही. 'मी स्वतः राहत असलेलं घर, मी नसताना, पूर्ण, वर्षाला अमुक रात्री, अमुक माणसांना' असं सगळं लिहून विचारते, म्हणजे उत्तरही गोल गोल येत नाही.

शहराच्या खाली अजून थर आहेत. सोसायटी किंवा इमारतीची असोसिएशन, त्यांच्या नियमावलीत 'फक्त निवासी वापर' किंवा कमीत कमी इतके महिने असं काही आहे का. शहराने परवानगी दिली म्हणजे इमारतीने दिली असं होत नाही, काही शहरात तर अर्जासोबत इमारतीचं संमतीपत्र जोडावं लागतं. घरावर कर्ज असेल तर कर्जाच्या करारात स्वतः राहण्याची अट असू शकते. आणि विमा. घराच्या साध्या विम्यात पैसे घेऊन पाहुणे ठेवणं बऱ्याचदा बसत नाही, नेमकं तेव्हाच पाणी गळून खालच्या मजल्याचं छत भिजलं तर कंपनी हात वर करते. ॲपचं संरक्षण असतं पण त्यावर विसंबून विमा कंपनीला न सांगणं हा जुगार आहे. एक फोन करा, हप्ता थोडा वाढेल.

टॅक्सचं पटकन सांगते. मुक्कामावरचा शहराचा किंवा राज्याचा कर वेगळा आणि तुमच्या उत्पन्नावरचा कर वेगळा. पहिला बऱ्याच ठिकाणी ॲप परस्पर गोळा करून भरतं पण सगळ्या ठिकाणी नाही, आणि कधी कधी एक भाग भरतं आणि दुसरा तुमच्यावर सोडतं, ते तुमच्या पेमेंटच्या तपशीलात दिसतं. दुसरा कायम तुमचाच. काही देशांत गेस्टची नोंद पोलिसांकडे करावी लागते, इटलीत ती चेक-इनपासून २४ तासांच्या आत ऑनलाइन करायची असते, तुमच्याकडे तसं काही आहे का तेही त्याच ईमेलमध्ये विचारून टाका.

इथपर्यंतचं काम झालं की तुमच्या हातात एक आकडा येईल: वर्षाला इतक्या रात्री. आता दर.

मी हिशोब चलनाशिवाय मांडते, हे आकडे नुसते नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा एका बुकिंगमागे घर आवरणं, धुलाई, चावी देणं-घेणं मिळून ३० खर्च येतो, मुक्काम एक रात्र असो की सात. प्रत्येक रात्रीचा वीज, पाणी, साबण वगैरे ८. परमिट फी, वाढीव विमा, चादरी-टॉवेलचा जादा सेट, कोडचं कुलूप असा वर्षाचा ठोक खर्च २,७००. ॲपचं कमिशन १५ टक्के. सरासरी मुक्काम तीन रात्री, म्हणजे ३० चे रात्रीला १० झाले. घराचा हप्ता यात धरायचा नाही, कारण तुम्ही त्या घरात राहता आणि पाहुणे आले नाहीत तरी तो भरणारच आहात. (ज्याने घर फक्त याच धंद्यासाठी भाड्याने घेतलंय त्याने मात्र पूर्ण भाडं धरायचं, त्याचं गणित तुमच्यापेक्षा फार वेगळं आणि फार कडक आहे, त्यामुळे त्याचा दर बघून स्वतःचा ठरवू नका.)

आता बघा. मर्यादा नाही आणि तुम्ही बाहेर असलेल्या १३५ रात्रींपैकी १०० विकल्या गेल्या, तर रात्रीला ठोक खर्च २७, अधिक १८, झाले ४५, आणि कमिशन काढून ते हातात पडायला दर हवा ५३. तेच ९० ची मर्यादा असेल तर ५६ च्या वर. फारसा फरक नाही. पण मर्यादा ३० रात्रींची असेल तर ठोक खर्चच रात्रीला ९० होतो आणि ना नफा ना तोटा या रेषेला पोचायलाच दर लागतो १२७. तेच घर, तोच पलंग. आणि आजूबाजूची तशीच घरं ९५ ला जात असतील तर ३० रात्रींच्या शहरात सरसकट त्या दराने तुम्ही पदरचे पैसे घालाल, तिथे एक तर वर्षातल्या सगळ्यात महागड्या ३० रात्रीच विकायच्या नाहीतर नादच सोडायचा. ॲप तुम्हाला दर सुचवतं तेव्हा त्याला यातलं काही माहीत नसतं. त्याला तुमचा धुलाईचा खर्च माहीत नाही, आणि तुमच्या रात्रींचा कोटा कुठे खर्च व्हावा याची त्याला फिकीर नाही. ते खोटं सांगत नाही, पण त्याला बुकिंग झालं की कमिशन मिळतं, रिकाम्या रात्रीतून काहीच नाही, त्यामुळे त्याचा ओढा कायम घर भरण्याकडे.

कमिशनची एक नेहमीची चूक सांगून ठेवते. हातात १०० हवेत आणि कमिशन १५ टक्के म्हणून लोक ११५ लावतात. ११५ चे १५ टक्के गेले की उरतात पावणेअठ्ठ्याण्णव. १०० ला ०.८५ ने भागायचं, ११८ येतात. आणि तुमचं कमिशन नक्की किती ते तपासा, एअरबीएनबीवर दोन पद्धती आहेत, एकीत होस्टकडून साधारण ३ टक्के जातात आणि बाकीचं गेस्टच्या बिलात लागतं, दुसरीत सगळं होस्टकडूनच, १५ टक्क्यांच्या आसपास. बुकिंग डॉट कॉमवर पण होस्टचे साधारण १५ जातात. दोन्हीकडे एकच दर ठेवला तर एकीकडे तुम्ही नकळत स्वस्त विकत असता.

आता मर्यादा असलेल्या शहरात दराचं डोकं उलटं चालवावं लागतं. जिथे मर्यादा नाही तिथे रिकामी रात्र म्हणजे गेलेले पैसे, शिळ्या भाजीसारखी, संध्याकाळी जे मिळेल त्याला द्या. पण कोटा असेल तेव्हा प्रत्येक स्वस्त विकलेली रात्र एक महाग रात्र खाते. तुम्ही १३५ रात्री बाहेर आहात आणि ९० विकायची मुभा आहे म्हणजे ४५ रात्री घर रिकामं राहणारच आहे, मग रिकाम्या रात्रीची भीती कसली. ॲपचं ऐकून पहिल्या दोन महिन्यात मंदीच्या दिवसांत ५० रात्री ६० च्या दराने घालवल्या तर गर्दीच्या मोसमात, जेव्हा तीच रात्र १५० ला गेली असती, तेव्हा उरलेल्या ४० संपल्या की तुमचं कॅलेंडर कायद्यानेच बंद. महिन्याचा डेटा पॅक पहिल्या आठवड्यात उडवून मग वायफाय शोधत फिरण्यासारखं. मी स्वतः मर्यादेच्या घरासाठी वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या उपलब्ध रात्री अपेक्षित दराने उतरत्या क्रमाने लावते आणि वरच्या ९० च्या आसपासच्याच उघडते, थोड्या जास्त उघडते कारण सगळ्या जाणार नाहीत, पण विकल्या गेलेल्या रात्री मोजत राहते आणि कोटा भरत आला की उरलेल्या बंद.

मोजणी स्वतःची ठेवा. लंडनमध्ये ॲप ९० झाल्या की आपोआप अडवतं, पण ते फक्त स्वतःकडच्या रात्री मोजतं, कायदा मात्र घरामागे मोजतो, दोन ॲपवर ९०-९० म्हणजे १८० असं नाही होत. आणि वर्ष कुठून कुठे हेही बघा. लंडनचं कॅलेंडर वर्ष आहे, जपानमध्ये १ एप्रिल ते पुढचं १ एप्रिल. तुमचा बाहेर राहण्याचा काळ नोव्हेंबर ते मार्च असेल आणि शहर जानेवारी ते डिसेंबर मोजत असेल तर तुमचा एकच दौरा दोन वर्षांच्या कोट्यात विभागला जातो, पूर्ण कायदेशीरपणे. हे लक्षात न आल्यामुळे माझ्या ओळखीच्या एका होस्टने दोन वर्षं अर्धा काळ घर बंद ठेवलं होतं.

उरलेल्या रात्रींसाठी एक मार्ग म्हणजे महिना किंवा जास्त काळाचे पाहुणे. बऱ्याच शहरात ३० दिवसांच्या पुढचा मुक्काम अल्पकालीन धरतच नाहीत, म्हणजे तो कोट्यात जात नाही. रात्रीचा दर कमी येतो पण आवराआवर एकदाच, निरोप-बिरोप कमी, बदली होऊन आलेले, घराचं काम काढलेले असे लोक येतात. धोका असा की काही ठिकाणी इतके दिवस राहिलं की भाडेकरूचे हक्क लागू होतात आणि माणूस निघाला नाही तर नुसतं ॲपला सांगून भागत नाही, कोर्टकचेरी होते. तुमचं स्वतःचं राहतं घर आहे, तुम्हाला परत यायचंय, त्यामुळे हे करायचंच तर तारखांचा लेखी करार आधी.

बाजारातला दर कसा ओळखायचा. सगळे काय करतात, ॲपवर आपल्या भागातली तशीच घरं शोधतात, दर बघतात आणि त्याच्या थोडं खाली स्वतःचा ठेवतात. पण विचार करा, शोधल्यावर दिसतात ती कुठली घरं? जी अजून विकली गेली नाहीत ती. विकली गेलेली यादीतून गायब झालेली असतात. म्हणजे तुम्ही न खपलेल्या मालाचा भाव बघून स्वतःचा भाव ठरवताय. मी एका वहीत (हो, वहीच) आठ-दहा घरं लिहून ठेवली आहेत, माझ्यासारखी, तेवढीच माणसं मावणारी. एखाद्या तारखेचा दर दोन महिने आधी बघते, मग महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी, आणि मधल्या काळात कुठलं घर कुठल्या दराला दिसेनासं झालं ते टिपते. कधी मालकाने स्वतःसाठी पण अडवलेलं असतं त्यामुळे शंभर टक्के खरं नाही, पण दोन महिन्यात चित्र स्वच्छ होतं. गर्दीची रात्र, साधा शनिवार आणि मंदीचा बुधवार, तीन प्रकारच्या तारखा घेतल्या तरी पुरे.

आणि स्वतःच्या कॅलेंडरकडे बघा, ते सगळ्यात खरं बोलतं. मला मिळालेला मोठा धडा म्हणजे दुसऱ्या वर्षी नऊ महिन्यांनंतरच्या एका शनिवार-रविवारसाठी कॅलेंडर उघडलं आणि दहा मिनिटात बुकिंग. मी खूश. दुसऱ्या दिवशी कळलं की त्या दिवशी शहरात एका मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना जाहीर झालाय, बाकीच्यांनी तीन-चारपट दर लावले होते. म्हणून आता लांबच्या तारखा मी एक तर बंद ठेवते किंवा मुद्दाम दीडपट दराने उघडते, त्या दराला कुणी घेतलं तर आनंदच आहे. मग साधारण दोन महिने उरले की नेहमीच्या दरावर आणते, तीन आठवडे उरले की थोडं थोडं उतरवते. सगळं कॅलेंडर तीन महिने आधीच भरत असेल तर तुम्ही स्वस्त आहात, आणि आठवड्यावर आलं तरी शुक्रवार-शनिवार रिकामे असतील तर महाग आहात किंवा फोटो वाईट आहेत. फोटो निघायची शक्यता जास्त, असं मला वाटतं.

घर किती भरलं हा आकडा मात्र डोक्यात बसू देऊ नका. वरचेच खर्च धरून बघा, मुक्काम दोन-दोन रात्रींचे. २८ रात्री ६० ने विकल्या तर १,६८० आले, कमिशन २५२, चौदा वेळा आवरायचे ४२०, रोजचे २२४, उरले ७८४. १८ रात्री ९० ने विकल्या तर आले १,६२०, म्हणजे कमीच, पण कमिशन २४३, नऊ वेळा आवरायचे २७०, रोजचे १४४, उरले ९६३. दहा रात्री कमी, पाच वेळा कमी आवराआवर, पैसे जास्त, आणि मर्यादेच्या शहरात तर त्या दहा रात्री शिल्लक राहिल्या त्या वेगळ्याच.

कमीत कमी मुक्काम किती ठेवायचा हेही त्यातच येतं. एका रात्रीच्या बुकिंगला ३० अधिक ८, कमिशन धरून नुसता सुटण्यापुरता दर ४५ होतो, सात रात्रींना तोच रात्रीला साडेचौदा. म्हणून मी सहसा तीन रात्री ठेवते आणि दोन बुकिंगच्या मधे दोनच रात्री अडकल्या तर तेवढ्यापुरतं दोनवर आणते. 'दर कमी आणि क्लीनिंग फी भरमसाठ' ही जुनी युक्ती आता करू नका, एअरबीएनबीने २०२५ पासून जगभर शोधतानाच एकूण रक्कम दाखवायला सुरुवात केली आहे, लोकांना लगेच कळतं. तुम्ही नवीन आहात म्हणून पहिल्या तीन-चार बुकिंगना १५-२० टक्के कमी ठेवा, रिव्ह्यू येईपर्यंत, नंतर लगेच वर. अर्ध्यावर आणू नका.

अर्ध्यावर का नाही याला पैशापलीकडचं कारण आहे. एकदा शुक्रवारची एक रात्र रिकामी राहिली म्हणून ॲपच्या आपोआप दराला मी खालची मर्यादाच न घालता मोकळं सोडलं. संध्याकाळी पाचला त्याच शहरातल्या कुणीतरी ती घेतली, चार माणसं सांगितली होती, आली अठरा. रात्री दोनला वरच्या मजल्यावरच्या काकांचा फोन. घराचं नुकसान ॲपने भरून दिलं, पण काकांनी सकाळी जी तक्रार केली ती महापालिकेच्या फायलीत कायमची बसली, आणि पुढच्या वर्षी परमिट नव्याने करताना तिचं उत्तर मला लेखी द्यावं लागलं. माझ्या अनुभवात तपासणी बहुतेक वेळा कुणी तक्रार केली की येते, स्वतःहून क्वचित. त्यामुळे ज्यांनी तुम्हाला जिन्यात गाठलं त्यांच्यावर चिडू नका, त्यांनी ऑफिसला न सांगता आधी तुम्हाला सांगितलं हे तुमचं नशीब. त्यांच्याकडे जाऊन बसा, स्वतःचा नंबर द्या, तुम्ही गावात नसताना कोण बघणार त्याचाही नंबर द्या, आणि परवानगीचं उत्तर आलं की कागद दाखवा.

नियम मधेच बदलले तर काय, असं तुम्ही शेवटी विचारलंय. बदलतात. जपानमध्ये जून २०१८ ला नवीन कायदा लागू होण्याच्या तोंडावर रजिस्ट्रेशन नसलेल्या हजारो लिस्टिंग काढून टाकल्या गेल्या आणि ठरलेली बुकिंग रद्द झाली. बार्सिलोनाच्या महापौरांनी जून २०२४ मध्ये जाहीर केलं की पर्यटकांसाठीच्या घरांची १०,१०१ लायसन्स नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायची, नवीन करायची नाहीत. युरोपियन युनियनमध्ये २० मे २०२६ पासूनच्या नियमाने ॲपना रजिस्ट्रेशन नंबर दाखवून रात्रींची माहिती सरकारला द्यावी लागते, म्हणजे 'कोण मोजतंय' हा जमाना तिकडे संपला. मी याचं एवढंच करते की घरात या धंद्यासाठी म्हणून जो खर्च करते तो एका वर्षात वसूल होईल एवढाच. तुम्ही सोफा-कम-बेड घ्यायचा म्हणताय, तो परमिट हातात आल्यावर घ्या, आणि शहराने माणसांची मर्यादा घातली असेल तर बहुतेक लागणारही नाही.

राहिली ती दोन बुकिंग. आज आधी कॅलेंडरमधल्या बाकीच्या तारखा बंद करा म्हणजे तिसरं येणार नाही, लिस्टिंग काढून टाकायची गरज नाही. ऑफिसला ईमेल आजच पाठवा. पहिलं बुकिंग पाच आठवड्यांवर आहे म्हणजे ३५ दिवस, आणि एअरबीएनबीवर होस्टने रद्द केलं तर चेक-इनला ३० पेक्षा जास्त दिवस असतील तोपर्यंत बुकिंगच्या रकमेच्या १० टक्के कापतात, ३० दिवसांच्या आत गेलात की २५, आणि अगदी ४८ तासांवर आलं की ५०. म्हणजे ठरवायला तुमच्याकडे चार दिवस आहेत. तेवढ्यात लेखी उत्तर आलं नाही तर पहिलं मी रद्द करीन, आणि त्यांना कारण खरं सांगीन, त्यांनाही दुसरं घर शोधायला महिना मिळतो. तीन महिन्यांनंतरचं मात्र ठेवा, पण त्यांना आत्ताच कळवून ठेवा की परवानगीचा अर्ज चालू आहे आणि अमुक तारखेपर्यंत नक्की सांगते/सांगतो, आणि ती तारीख त्यांच्या चेक-इनच्या चाळीस दिवस आधीची द्या.